चार सेंटिमीटरचा हमाल

गेल्या वर्षभरात मी चांदीची एकच वस्तू पूर्ण केली. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून वर चढणारा हमाल. फळीसकट धरला तरी अख्खा प्रकार तळहातावर मावतो, माणूस स्वतः वाकलेला असल्यामुळे पोत्यासकट जेमतेम चार सेंटिमीटर. बऱ्याच जणांनी विचारलं कसं केलं, सुरुवात कुठून केली, एवढं छोटं का, म्हणून एकदाच नीट सगळं लिहून काढतेय. लांबणार आहे हे माहितीये, पण मधलं मधलं गाळलं तर ज्याला खरंच करून बघायचंय त्याला काही उपयोग नाही.

मी मूळची दागिन्यांचं काम शिकलेली. अंगठ्या, पेंडंट, कानातले. त्यात मापं ठरलेली असतात, बोट किती, खडा किती, आणि वस्तू चांगली झाली की नाही हे लगेच कळतं. चांदीतली छोटी शिल्पं मला पहिल्यापासून आवडायची, पण बघायला गेलं की घोडे, पक्षी, नर्तकी, फार तर एखादं जहाज. रोज अंगमेहनत करणारा माणूस चांदीत फार क्वचित दिसतो. ऍमस्टरडॅममध्ये १८ व्या शतकात चांदीची चिमुकली खेळणी बनायची, त्यांचे फोटो मी तासन्‌तास बघितलेत, बोटाच्या पेराएवढ्या खुर्च्या, किटल्या, आणि अधूनमधून कामात गुंतलेली माणसंसुद्धा. तेव्हापासून डोक्यात होतं की आपण एक माणूस करायचा, आणि तो काहीतरी जड उचलून चाललेला असावा.

पहिला माणूस मी मेणात कोरला आणि तो पूर्ण फसला. कारण सांगते. मी आठ दिवस चेहऱ्यावर घालवले. सरळ उभा केला तर माणूस ४५ मिलिमीटर, म्हणजे खऱ्याच्या साधारण ३८ पट लहान, या हिशेबाने डोकं जेमतेम ६ मिलिमीटर येतं. त्या ६ मिलिमीटरमध्ये मी दहापट दिसणारं भिंग डोळ्याला लावून भुवया, मिशी, कपाळावरच्या आठ्या, घट्ट मिटलेले ओठ असं सगळं केलं. भिंगातून फार सुंदर दिसत होतं. ज्यांच्याकडे मी ओतकाम शिकले त्या काकांना नेऊन दाखवलं, त्यांनी भिंग मागितलंच नाही, टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागे गेले आणि विचारलं, "हा कुठे निघालाय गं?" मी म्हटलं, "काका, पोतं घेऊन वर चढतोय." ते म्हणाले, "पोतं कुठंय? मला उशी दिसतेय."

घरी आणून मी पण दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि खरंच उशी दिसत होती. चेहरा हाताच्या अंतरावरून एक ठिपका. बाकी शरीर असं की कोणीतरी फोटोसाठी पोज देऊन उभं राहिलंय.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं, बघायला गेले. जिथे माल उतरवतात तिथे जाऊन मुकादमांना विचारलं, हमाली करणाऱ्या दादांनाही विचारलं की मी बसून चित्रं काढली तर चालेल का, ते म्हणाले बसा ताई, फक्त वाटेत नको. तीन सकाळी बसले. पहिल्या दिवशी एकही रेघ नीट आली नाही कारण सगळं इतकं पटापट चालतं, दुसऱ्या दिवसापासून मी माणूस बघणं सोडलं आणि एकेक अवयव बघायला लागले. फक्त पाय. मग फक्त मान. मग फक्त हात.

आणि तिथे मला कळलं की मी काय काय चुकीचं केलं होतं. एक तर पोतं पाठीच्या मध्यावर नसतं, ते खूप वर, खांद्यांच्या मागे आणि मानेच्या बुडाशी असतं, त्यामुळे डोकं पुढे ढकललं जातं आणि वर बघताच येत नाही. नजर हातभर पुढच्या फळीवर. म्हणजे समोरून बघणाऱ्याला चेहरा दिसतच नाही, डोक्याचा वरचा भाग दिसतो! ज्या चेहऱ्यावर मी आठ दिवस घालवले तो या कामात दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरं, पाऊल. मी चवड्यावर उचललेलं पाऊल केलं होतं, चालण्याचा भास यावा म्हणून. ओझ्याखालचा माणूस फळीवर अख्खं पाऊल टेकवतो, पावलं छोटी टाकतो, आणि फळी खाली जाऊन परत वर येते त्या लयीत पुढचं पाऊल पडतं. एक हात खांद्यावरून मागे जाऊन पोत्याचा कान धरतो आणि दुसरा बहुतेक वेळा पुढच्या मांडीवर टेकलेला, चढताना त्याचा आधार होतो.

एका दादांना मी विचारलं की एवढं ५० किलोचं पोतं उचलता कसं, तर ते म्हणाले, "उचलत नसतंय ताई, पोत्याखाली शिरायचं असतंय." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि पुढचं सगळं काम त्याच्यावर झालं.

घरी येऊन मी २० किलोची गोणी पाठीवर घेऊन जिना चढून बघितला, बाजूला मोबाईल लावून व्हिडिओ काढला. (कोणी करणार असाल तर दुसरं माणूस जवळ ठेवा आणि कमी वजनाने सुरू करा, कंबर मोडायला वेळ लागत नाही.) तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघताना एक गोष्ट दिसली जी चित्रं काढताना सुटली होती. माणूस आणि ओझं मिळून जे वजन होतं त्याचा मध्य नेहमी पावलांच्या वर असावा लागतो, नाहीतर माणूस मागे पडेल. ओझं मागे आहे म्हणून बाकीचं सगळं, डोकं, छाती, गुडघे, पुढे सरकतं. मी दोऱ्याला चांदीचा एक छोटा मणी बांधून ओळंबा केला, गवंडी वापरतात तसाच पण बोटाएवढा, आणि मेणाच्या माणसाशेजारी धरला. पहिल्या माणसाचा ओळंबा टाचेच्याही मागे पडत होता. म्हणजे पोतं खरं असतं तर हा उताणा पडला असता. डोळ्याला ते कळत होतं, म्हणूनच पोत्याची उशी झाली होती. बघणाऱ्याने आयुष्यात शिल्पकला शिकलेली नसली तरी शरीर कसं तोल सांभाळतं हे प्रत्येकाला आतून माहीत असतं, तिथे फसवता येत नाही.

त्या दिवसांत मी प्राचीन इजिप्तमधल्या मेकेत्रे नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडलेल्या लाकडी प्रतिकृती परत परत बघत होते. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या आहेत, १९२० साली पुरातत्त्वज्ञ हर्बर्ट विनलॉकच्या पथकाला मिळाल्या, आता काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आणि काही कैरोला. बेकरी, सुतारांचा कारखाना, विणकाम करणाऱ्या बायका, आणि एक धान्याचं कोठार ज्यात पोती वाहणारी माणसं आहेत आणि बाजूला बसून हिशेब लिहिणारे कारकून. या माणसांचे चेहरे जवळजवळ सगळे सारखेच. तरी कोण वाकून काम करतंय आणि कोण बसून लिहितंय हे एका नजरेत कळतं. आणि दुसऱ्या टोकाला बेल्जियमचा कॉन्स्टँटिन म्यूनिए, १८३१ ते १९०५, जो मधली कित्येक वर्षं चित्रकार होता आणि पन्नाशी उलटल्यावर शिल्पाकडे परत आला, त्याचे गोदी कामगार आणि खाणकामगार. त्याचा गोदीतला हमाल तर कंबरेवर हात ठेवून नुसता उभा आहे, ओझं नाहीच, आणि तरी खांदे बघून कळतं की या माणसाने दिवसभर काय केलंय. हे बघून मला धीर आला की चेहरा सोडला तरी चालेल.

दुसरा माणूस मी हिरव्या कडक मेणात केला. मेणं वेगवेगळ्या कडकपणाची मिळतात, हिरवं सगळ्यात कडक, कानशीने घासलं तर भुकटी पडते, चिकटत नाही, बारीक कामाला बरं. यावेळी क्रम उलटा. आधी पावलं, मग गुडघे, मग पाठीचा बाक, मग मान. डोकं सगळ्यात शेवटी आणि त्यावर फक्त एक गुंडाळलेलं फडकं. चेहऱ्याच्या जागी नाक आणि हनुवटीचा उतार, बस. बारीक भर घालायला गरम टोकाचं मेणाचं पेन वापरलं, पण जपून, कारण जास्त तापलं तर कोरलेलं सगळं एका क्षणात वितळतं. घोट्यापाशी जाडी १.४ मिलिमीटर राहिली, याच्या खाली जायची हिंमत झाली नाही. रोज संध्याकाळी ओळंबा धरून बघायचे. जेव्हा तो बरोबर पुढच्या पावलाच्या मध्यावर पडला तेव्हा पाठीवर अजून काहीच ठेवलेलं नव्हतं, आणि तो रिकामा वाकलेला माणूस बघून कोणालाही कळलं असतं की याच्या पाठीवर काहीतरी आहे.

पोतं मी त्याच्यासोबत ओतलं नाही, याचं कारण महत्त्वाचं आहे. भरीव पोतं केलं तर तो चांदीचा मोठा गोळा होतो, आणि मोठा गोळा हळू गार होतो, गार होताना आकसतो आणि आसपासच्या पातळ भागातून धातू ओढून घ्यायला बघतो, त्यामुळे आत पोकळ्या आणि वर भोकं पडतात. म्हणून माणूस ओतीव, पोतं पत्र्याचं पोकळ, आणि फळी पत्र्याची, असं ठरवलं.

आता ओतकाम. मेणाच्या माणसाला मेणाची एक दांडी जोडायची, तिथून पुढे चांदी आत जाणार. मग तो पोलादी नळकांड्यात उभा करून वरून खास प्लास्टर ओतायचं, यात जिप्सम आणि सिलिका असतं, साधारण १०० ग्रॅम पावडरला ४० ग्रॅम पाणी, आणि हातात नऊ-दहा मिनिटंच असतात. व्हॅक्यूममध्ये ठेवून हवेचे बुडबुडे काढायचे, नाहीतर प्रत्येक बुडबुडा चांदीचा मणी होऊन काखेत, मानेत चिकटतो. मग भट्टीत रात्रभर, हळूहळू ७३० अंशांपर्यंत, मेण जळून जातं आणि माणसाच्या आकाराची पोकळी उरते. याच्या फार वर न्यायचं नाही, जिप्सम फुटायला लागतं आणि त्यातला गंधक चांदी खराब करतो.

चांदी किती घ्यायची हा हिशेब मला फार आवडतो. ९२५ ची चांदी, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी तांबं, मेणाच्या सुमारे अकरा पट जड असते, त्यामुळे मेण तोलायचं आणि गुणायचं. १२ व्या शतकात राजा सोमेश्वराच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मेणाच्या साच्याची हीच पद्धत दिलीय आणि चांदी मेणाच्या बारा पट घ्या असं सांगितलंय. बारा पट, म्हणजे थोडी जास्तीची धरून! हे वाचलं तेव्हा मी काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले त्यात नवल काय, तेव्हाही चांदी कमी पडत असणारच. माझं मेण दांडीसकट २.१ ग्रॅम भरलं, बारा पट म्हणजे २५ ग्रॅम, आणि वर गोळा राहावा म्हणून आम्ही ३० घेतली.

पहिलं ओतकाम वाया गेलं. दांडी मी पावलाखाली जोडली होती, विचार असा की तिथला डाग फळीखाली लपेल. चांदी बारीक घोट्यातून वर जायला लागली, घोटा आधीच गार झाला, पाठीला पुरेशी चांदी पोचलीच नाही. प्लास्टर पाण्यात फोडलं तर आतून निघाला तो मागे गेलेल्या हाताशिवायचा माणूस, मानेवर बारीक बारीक भोकं, सुईने टोचल्यासारखी. शिवाय मुशीतली चांदी तयार व्हायला वेळ लागला तोवर नळकांडं गार झालं होतं तेही एक कारण. मेण जळून गेलेलं असतं, परत मिळत नाही, त्यामुळे तीन आठवड्यांचं काम गेलं. त्या रात्री मी काहीच केलं नाही, दुसऱ्या दिवशी परत पावलांपासून मेण कोरायला घेतलं. आणि खरं सांगते, तिसरा माणूस दुसऱ्यापेक्षा चांगला झाला, हातांना आता रस्ता माहीत होता. तेव्हापासून मेणाचा रबर साचा घेतल्याशिवाय मी काही ओतायला देत नाही, हे मात्र सगळ्यांनी पाळा.

दांडी कुठे जोडायची याचं उत्तर पण तिसऱ्या वेळी सापडलं, आणि ते समोरच होतं. पाठ. शरीराचा सगळ्यात जाड भाग, तिथून चांदी दोन्हीकडे बारीक होत जाते, आणि दांडी कापल्यावर जो डाग उरतो त्याच्यावर पोतं येणार. जिथे ओझं बसतं तिथूनच धातू आत गेला. काकांनी मुशीत चांदी आटवली, वर सवागी, म्हणजे टाकणखार, टाकली, चांदी आरशासारखी फिरायला लागली, वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते म्हणून उगाच जास्त तापवायची नाही, साधारण हजार अंशांच्या आत, नळकांडं ५०० च्या आसपास, आणि ओतलं. काही सेकंदांचा खेळ. दहा-बारा मिनिटांनी पाण्यात बुडवलं, चुर्रर्र आवाज करत प्लास्टर सुटलं आणि हाताला पहिल्यांदा दोन पाय लागले, दोन्ही अख्खे. मागे गेलेला हात, त्याची आवळलेली मूठ, सगळं आलं होतं.

पोत्याचं काम वेगळंच. ०.४ मिलिमीटरचा पत्रा. त्यावर गोणपाटाचं विणकाम यायला हवं. मी आधी खऱ्या गोणपाटाचा तुकडा पत्र्यावर ठेवून रोलिंग मशीनमधून काढला, ठसा फार छान उठला, पण ३८ पट लहान माणसाच्या पाठीवर ते पोतं वाटेना, विटांची भिंत वाटायला लागली. सुती रुमालही जाडच. शेवटी सगळ्यात तलम मलमल घेतली तेव्हा कुठे जवळपास जमलं, खऱ्या मापाने ती पण जाडीच आहे पण डोळा मान्य करतो. मग पत्र्याला ताव देऊन मऊ केला, राळेत बसवला आणि पोलादी ठशांनी मागून हळूहळू ठोकून फुगवला. दोन अर्धुकं. यात लक्ष द्यायचं ते इथे, की भरलेलं पोतं सगळीकडून गोल नसतं. माणसाच्या पाठीवर ते मध्ये खचतं आणि दोन्ही खांद्यांवरून थोडं सांडतं, खालचं टोक जड होऊन लोंबतं, आणि जिथे मूठ कान धरते तिथे चुण्या सगळ्या त्या मुठीकडे धावतात. त्या चुण्यांवर मी चार दिवस घालवले. ते चार दिवस मात्र वाया गेले नाहीत, कारण या अख्ख्या वस्तूत सगळ्यात हलकं काय असेल तर ते पोतं आहे, आत नुसती हवा, आणि दिसायला तेच सगळ्यात जड हवं.

दोन्ही अर्धुकं जोडताना खालच्या बाजूला, जिथे ते पाठीला टेकतं, एक बारीक भोक ठेवायचं विसरू नका. बंद पोकळ वस्तू तापवली की आतली हवा फुगते, आम्लाचं पाणी आत राहिलं असेल तर त्याची वाफ होते, आणि वस्तू फुटते. माझं फुटलं नाही कारण काका मागे उभे होते आणि त्यांनी ज्योत लावायच्या आधी विचारलं, "श्वास कुठून घेणार हा?"

फळी हा भाग मी सगळ्यात सोपा धरला होता. ६४ मिलिमीटर लांब, ८ रुंद, १ जाड, खाली दोन बाजूंना दोन टेकू, एक उंच एक बुटका. माणूस ठेवला, पोतं नुसतं मेणाने चिकटवून बघितलं, दोन पावलं मागे गेले. चांगलं दिसत होतं. पण काहीतरी राहिलं होतं आणि काय ते दोन दिवस कळेना. पोत्याच्या चुण्या वाढवल्या, उपयोग नाही. मग वहीतली चित्रं परत काढली आणि एका पानावर मीच लिहिलेलं दिसलं, फळी खाली जाऊन वर येते. माझी फळी पट्टीसारखी सरळ होती! मी ती काढली, लाकडी ठोकळ्यावर ठेवून अंगठ्यांनी दाबली, मध्ये फक्त दीड मिलिमीटर वाकवली. माणूस परत ठेवला. आणि पोतं जड झालं. पोत्याला हात लावला नव्हता, माणसाला लावला नव्हता, फळी दीड मिलिमीटर वाकली आणि त्या पोकळ पत्र्यात ५० किलो आले. मी किती वेळ बघत बसले होते ते आठवत नाही.

वाकलेल्या फळीवर पावलं परत नीट टेकवावी लागली, तळवे थोडे घासून, कारण अख्खं पाऊल टेकलेलं दिसायलाच हवं होतं.

डाग देताना, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने सांधे जोडताना, मला सगळ्यात जास्त भीती घोट्यांची होती. चांदी सगळ्या धातूंमध्ये उष्णता सगळ्यात वेगाने वाहून नेते, त्यामुळे एका जागी तापवू म्हटलं तरी अख्खी वस्तू तापते, आणि ९२५ ची चांदी ८०० अंशांच्या जरा वर गेली की मऊ पडून ढासळायला लागते. कडक डाग त्याच्या थोडाच खाली वितळतो. म्हणजे हातात फार कमी अंतर. उपाय असा केला की तळव्यांखाली एकेक बारीक खुंटी ठेवली, फळीला तेवढीच भोकं पाडली, आणि डाग खालच्या बाजूने दिला, ज्योत फक्त फळीखाली फिरवली. आधीच्या सांध्यांवर गेरूचा लेप, म्हणजे ते परत सुटू नयेत. पोत्याच्या अर्धुकांना कडक डाग, पोतं पाठीला आणि मुठीला मध्यम, पावलांना सगळ्यात नरम, या क्रमाने प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा कमी तापवावं लागतं. दुसऱ्या पावलाखाली डाग चमकून पळाला तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता हे नंतर लक्षात आलं.

मग गरम सायट्रिक ऍसिडमध्ये टाकून काळेपणा काढायचा. चिमटा तांब्याचाच घ्या, लोखंडी बुडवला तर अख्ख्या वस्तूवर तांब्याची लाली चढते.

शेवटचा वाद चकाकीचा. ओळखीतल्या सगळ्यांचं म्हणणं की चांदी आहे तर चमकव की. मी एक बाजू पॉलिश करून बघितली आणि लगेच थांबले. बफ फिरवला की कडा गोल होतात, पोत्याचं विणकाम पुसलं जातं, आणि इतक्या छोट्या आकारावर सगळीकडून उजेड परत यायला लागला की डोळ्याला आकार कळत नाही, माणूस, पोतं, फळी सगळं मिळून एक चकाकता थेंब. मी कोमट पाण्यात लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे चांदी काळी करणारं गंधकाचं रसायन, घालून अख्खी वस्तू त्यात बुडवली (खिडक्या उघड्या ठेवा, सडलेल्या अंड्याचा वास येतो), ती आधी पिवळी, मग तपकिरी, निळसर, शेवटी काळी झाली. मग पितळी ब्रश आणि साबणाच्या पाण्याने हळूहळू परत उजळत आणली, चुण्यांमध्ये, गुडघ्यांमागे, मानेखाली काळं राहू दिलं. आणि खरी चकाकी फक्त तीन जागी दिली. पोत्याचा कान जिथे मूठ धरते, मांडी जिथे दुसरा हात टेकतो, आणि फळीचा मधला पट्टा जिथून रोज पावलं जातात. खऱ्या फळीवरही मी तेच बघितलं होतं, कडा खरखरीत आणि मधला पट्टा घासून घासून गुळगुळीत.

पूर्ण झाल्यावर मी तो घेऊन त्याच दादांकडे गेले. त्यांनी हात फडक्याला पुसले आणि फळी दोन बोटांत धरून उचलली. चेहऱ्याबद्दल कोणीच विचारलं नाही. एक जण म्हणाले, "फळी दबलीय बघ, बरोबर." दुसऱ्यांनी मुठीकडे बघून सांगितलं की अंगठा आत घेतलाय तो बाहेर पाहिजे होता, पोतं निसटताना आतला अंगठा मुरगळतो. हे मला तीन सकाळी बसूनही दिसलं नव्हतं. बदलता येत नाही आता, डाग बसलाय, पण पुढच्याला नक्की बाहेर असेल.

ज्यांनी पोत्याखाली शिरायचं सांगितलं होतं ते सगळ्यात जास्त वेळ बघत होते. वस्तू परत देताना म्हणाले, "चढतानाचा झाला. उतरतानाचा पण करा की ताई. निम्मा दिस आम्ही रिकामंच उतरत असतो."

तेच चालू आहे सध्या. फडकं खांद्यावर, हात मोकळे, पाठ अजून पूर्ण सरळ झालेली नाही. मेणात कंबरेपर्यंत आलाय. या वेळी फळी सरळच आहे, आणि ओळंबा कुठे पडायला हवा ते समजून घ्यायला उद्या परत तिथे जाऊन बसायचंय, फक्त उतरणारे पाय बघायला.